ठिणगीच्या पायऱ्या

मधू झोपली की सुमेधाच्या अंगठ्याला घाई सुटायची. करण्यासारखं पुष्कळ असायचं. दोरीवरचे लंगोट वाळून कडक झालेले, कुकर लावायचा राहिलेला, केसांतून कंगवा कधी फिरला होता ते तिचं तिलाच आठवत नसायचं. पण मधूला गादीवर ठेवलं की ती टक्क डोळे उघडायची, म्हणून एक हात कायम तिच्या डोक्याखाली अडकलेला. उरलेल्या एका हाताने जे काही करता येतं, त्यात सुमेधाला एकच गोष्ट मनापासून आवडायची. फोन उघडायचा आणि ठिणगीचं गणित मांडायचं.

ठिणगी ही सुमेधाची खेळातली बाई. आगीचे मंत्र जाणणारी मांत्रिक. सुमेधाच्या रावेतच्या घरात, अकराव्या मजल्यावर, तिचं काही चालत नसे. तिचं राज्य सांगवीत, निलोफरच्या घरी. अब्बांचं गॅरेज खाली, वर एक पत्र्याची खोली, आणि तिथे रविवारी सकाळी कॅरमचा बोर्ड उलटा टाकून चालणारा हा गोष्टीचा खेळ. निलोफर सूत्रधार. ती सांगायची, समोर घाट आहे, घाटात धुकं आहे, धुक्यात कुणीतरी आहे. बाकीच्यांनी आपापलं माणूस घेऊन त्या गोष्टीत शिरायचं, काय करणार ते बोलायचं, आणि ते जमलं का नाही ते फासा ठरवणार. सोंगट्या गॅरेजमधल्याच. निलोफरचा धाकटा भाऊ अझहर याचा भालदार म्हणजे बेअरिंगची गोळी. ती बोर्डावरून घरंगळली की भालदार पळून गेला असं तो स्वतःच जाहीर करायचा. निलोफरची आतेबहीण सादिका वैदू व्हायची. तिच्या वैदूचं नाव साळुंकी, आणि साळुंकी म्हणजे एक पितळी नट. ठिणगीसाठी अझहरने एक जुना स्पार्क प्लग घासूनपुसून दिला होता. निलोफर आणि सुमेधा कॉलेजपासूनच्या, त्यामुळे सुमेधा त्या घरात पाहुणी कधी नव्हतीच.

मध्ये वर्षभर मात्र ती गेली नाही. सातवा लागला आणि सांगवीचा तो लोखंडी जिना बंद झाला. मग मधू आली, आणि मग महिने कसे गेले ते कुणी विचारू नये. शेवटच्या खेळात ठिणगीला कसल्याशा शापाने झोप लागली होती. सुमेधाला वाटलं होतं, निलोफरने सोय केली आपली. येईन तेव्हा उठवतील.

आणि उठवलंच. मधू नऊ महिन्यांची झाली, तिचा नवरा केयूर म्हणाला रविवार सकाळ मी सांभाळतो, तू जा, आणि सुमेधा जिना चढून वर गेली तेव्हा अझहर ओरडलाच, "आलं आमचं गाठोडं!"

गाठोडं का, तर वर्षभर झोपलेल्या ठिणगीला त्यांनी पाठीवर बांधून डोंगरदऱ्यांतून वाहिलं होतं. निलोफरने झऱ्याच्या पाण्याची गोष्ट सांगितली, फासा पडला, ठिणगी जागी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सादिकाने तर तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, आली बाई एकदाची. सुमेधाही हसली. स्पार्क प्लग हातात घेतला तर तो चिकट लागला, कसलासा डिंक बसलेला. तिने अझहरकडून पेट्रोलचं फडकं मागून घेतलं आणि बोलता बोलता तो लख्ख पुसून काढला.

पण औंध-रावेत रस्त्याने स्कूटरवरून घरी येताना ते गाठोडं काही तिच्या डोक्यातून उतरेना. अझहरने चेष्टाच केली होती, तिला कळत होतं. तरी लागायचं तिथेच ते लागलं होतं. कारण ती सगळीकडेच गाठोडं झाली होती. माण गावाजवळच्या ऑफिसात तिच्या हाताखाली शिकलेली पोरं आता तिच्या जागेच्याही वर गेली होती, आणि ती रजेवरून परतलीच नव्हती. घर केयूरच्या पगारावर. आई रोज फोन करून जेवलीस का विचारायची, जणू तेवढंही तिला आपलं आपण जमणार नाही. कुणी वाईट वागत नव्हतं, उलट सगळे तिला सांभाळून घेत होते. आणि सांभाळून घेतलं जाण्याचाच तिला वीट आला होता.

निदान ठिणगीला तरी यापुढे कुणी वाहून न्यायचं नाही, असं तिने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

आता या खेळाची रीत अशी, की एक मोहीम पार पडली की प्रत्येकाला एक पायरी मिळते. पायरी चढली की त्या त्या विद्येतला नवा मंत्र. बहुतेक जण आपल्या एका विद्येतच चढत जातात. पण एखादी पायरी दुसऱ्या विद्येत घ्यायलाही मुभा असते. खेळणारे त्याला मल्टीक्लास म्हणतात. ते नीट जमलं नाही तर माणूस दोन्हीकडून अर्धवट राहतो, आणि जमलं तर त्याला तोड नसते. ठिणगी जागी झाली तेव्हा तिच्या नावावर चार पायऱ्या साचलेल्या होत्या. चारही मोकळ्या, हव्या तशा लावायला. पायऱ्यांच्या अशा मांडणीला खेळात बिल्ड म्हणतात.

त्या चार पायऱ्यांनी सुमेधाचे पुढचे आठ दिवस सोन्याचे केले, हे खोटं कशाला बोला. मधू दूध पिता पिता डुलकी घ्यायची आणि सुमेधा नियम वाचायची. आगीच्या विद्येत पुढे एक सोय होती: मंत्र घाईने म्हणता येतो, म्हणजे एका पाळीत दोन मंत्र. आणि वैद्यकाच्या दुसऱ्या पायरीवर एक मंत्र होता, ज्याला हात लावावा लागत नाही, लांबूनच जखम भरते. कुणी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. सुमेधाने ठेवल्या, आणि तिच्या अंगावर काटाच आला. दोन पायऱ्या आगीच्या, दोन वैद्यकाच्या. मग ठिणगी एकाच पाळीत शत्रूला जाळणार आणि सोबत्याला वाचवणार. वर वैद्यकाबरोबर कवच घालायची परवानगी मिळत होती, म्हणजे तिला वाचवायला कुणी धावायलाही नको. कितीतरी दिवसांनी तिचं डोकं पूर्वीसारखं, एका सरळ रेषेत चाललं होतं. मधूचे केस कुरवाळत ती पुटपुटली, बघ गं तुझी आई. मधूने झोपेतच ओठ हलवले.

तिच्या मनात एकदाही आलं नाही, की या टोळीत एक वैदू आधीपासून आहे.

पुढच्या खेळाला घाट होता आणि घाटात काजळ्या, धुराच्या अंगाचा राक्षस. बोर्डावर खडूने काढलेल्या वाटेवर सगळे पसरलेले. भालदार पुढे घुसला आणि दुसऱ्याच पाळीत कोसळला. अझहरने गोळी आडवी ठेवली. गोळी आडवी काय आणि उभी काय, पण तो ते मोठ्या गांभीर्याने करायचा. साळुंकी मागे होती. तिचं औषध हात लावल्याशिवाय चालत नसे. सादिका दर पाळीला पितळी नट दोन दोन घरं पुढे सरकवत होती, जळत्या गवतातून, फाशाचा मार खात. निलोफर हळू आवाजात सांगत होती, साळुंकीचा पदर पेटलाय, तरी ती चालतेय. सादिका ओठ घट्ट मिटून बसली होती. नट आणि गोळी यांच्यात एकच घर उरलं होतं.

तेवढ्यात सुमेधाची पाळी आली. पाळी तिचीच होती, तिने कुणाची हिसकावली नव्हती. हे तिने नंतर स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. तिने दोन फासे टाकले. भालदाराची जखम लांबूनच भरली, तो उठून उभा राहिला, आणि त्याच दमात काजळ्याच्या अंगात आग शिरली. अझहर तर खूश झाला. ताई हे काय बनवून आणलंस राव, म्हणत त्याने गोळीला बोर्डावर एक गिरकी मारली. सुमेधाचा चेहरा तापला होता. आठ दिवसांचं गणित तिने एका श्वासात सांगून टाकलं: हे इथून घेतलं, ते तिथून, पुढच्या पायरीला आगीतला वणव्याचा मंत्र घेते, मग बघा, अख्खी टोळी घरी बसली तरी चालेल.

सादिकाच्या हातात नट तसाच होता, उचललेला. "मग मी आता काय करू?" तिने विचारलं. विचारलं होतं निलोफरला.

उत्तर दिलं सुमेधाने. पुढे वाकून तिने सादिकाचा कागद आपल्याकडे ओढला. "बघू तुझ्याकडे काय आहे. ऊब. दाट ऊब. रात्रभराची ऊब, अखंड ऊब…" ती हसली. "अगं सादिका, हे कोण घेतं? चारही पायऱ्या एकाच मंत्रावर? सगळा बिल्ड वाया घालवलास की."



"हो," सादिका म्हणाली. "गेला वाया." तिने कागद परत आपल्यापुढे घेतला, कोपरा दुमडला होता तो बोटाने सरळ केला, आणि नट जिथून उचलला होता तिथेच ठेवला. "माझी पाळी सोडली."

नंतरच्याही सगळ्या पाळ्या तिने सोडल्या. काजळ्याला ठिणगीने एकटीने संपवलं. सादिका चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती आणि बस नाशिक फाट्यावरून सुटायची. एरवी अझहर तिला बाइकवर सोडायचा, ती चहा घेऊन निघायची. त्या दिवशी म्हणाली, नको, रिक्षाने जाते, आणि चहाला थांबली नाही.

ती गेली तरी सुमेधाला काही कळलं नव्हतं. थोडं बोलायला जास्त झालं असेल, एवढंच. ती ठिणगीच्या पुढच्या पायरीबद्दल बोलू लागली तेव्हा अझहरने गोळी खिशात टाकली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, सादिका आपाला तसं बोलायला नको होतंस."

मग निलोफरने सांगितलं. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती कप गोळा करता करता, साधंच बोलत होती. ठिणगीला झोप लागली तेव्हा निलोफरने दोन वाटा दिल्या होत्या. वाटेवरच्या मठात तिला ठेवून पुढे जा, ती सुखरूप राहील. नाहीतर बरोबर न्या. पण शाप दर मुक्कामाला गाढ होत जाणार, अंग गार पडत जाणार, आणि कुणीतरी तिचा हात धरून ऊब देत राहिलं तरच श्वास चालेल. ऊब देणाऱ्याला त्या पाळीत दुसरं काही करता येत नाही. आणि शाप जसा वाढेल तशी ऊबही वाढवावी लागेल, म्हणजे वैद्याची प्रत्येक पायरी त्यातच जाणार. अझहर म्हणाला होता, ठेवूया मठात. सादिका नाही म्हणाली. वर्षभर ती दर रविवारी यायची, आणि तिची पाळी आली की एकच वाक्य बोलायची: ठिणगीचा हात धरून बसलेय.

"पण मठात ठेवली असती तर काय बिघडलं असतं?" सुमेधाने विचारलं. विचारताना तिचा आवाज आधीच बारीक झाला होता.

निलोफरने कप खाली ठेवले. "मागे ठेवलेल्याच्या पायऱ्या वाढत नाहीत, सुमेधा. नियम तुलाही माहीत आहे. तुझ्या नावावर चार पायऱ्या आल्या कुठून, असं वाटलं तुला?"

"मला वाटलं, तू दिल्यास."

"मी कधी कुणाला फुकट काही दिलंय का?" निलोफर म्हणाली. "सादिकाचं म्हणणं होतं, आधीच ऑफिसात सगळे पुढे गेलेत सुमेधाच्या. इथे तरी आल्यावर मागे पडायला नको."

सुमेधाच्या हातात स्पार्क प्लग होता. अझहर तिला दाखवत म्हणाला की आपा त्याला काळ्या वायरिंग टेपने नटाशी बांधून ठेवायची, म्हणजे दोघी बरोबर सरकतील, चुकून मागे राहायला नको. त्याचाच डिंक होता तो. सुमेधाने पेट्रोलने पुसलेला.

तिला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी काहीतरी लगेच, आत्ताच्या आत्ता करून टाकावंसं वाटलं. ती म्हणाली की त्या वैद्यकाच्या दोन पायऱ्या मी परत देते, काढून टाक. निलोफरने मान हलवली. चढलेली पायरी उतरत नाही, हा तर पहिला नियम. "आणि उतरवून काय होणार? तुला जरा बरं वाटेल. तिला तिच्या चार थोड्याच परत मिळणार आहेत?"

घरी आली तर केयूर मधूला खांद्यावर घेऊन दारातच उभा. त्याने हसून विचारलं, जिंकलात का. सुमेधा हो म्हणाली आणि तिचे कान गरम झाले. तिने हात धुतले, मधूला घेतलं. मधू छातीशी लागली, आणि तिने नेहमीसारखं आईचं एक बोट आपल्या मुठीत धरून ठेवलं. सुमेधा बसून राहिली. फोन पलंगाच्या दुसऱ्या टोकाला पडला होता आणि तिला त्याच्याकडे बघवेना.

त्या आठवड्यात तिने सादिकाला किती निरोप लिहिले आणि पुसले. शेवटी एक पाठवला, सॉरी, मला माहीत नव्हतं. कंपनीच्या गेटवर फोन जमा करून घेतात, त्यामुळे उत्तर शिफ्ट सुटल्यावर आलं. अगं त्यात काय, खेळच तर आहे. पुढे एक हसरा चेहरा. सुमेधाला वाटलं, तिने चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

माहीत नव्हतं, हे खरंही होतं आणि नव्हतंही. तिने विचारलंच नव्हतं. परत आल्यावर सगळ्यांनी तिला मधूचं विचारलं, दात आले का, रांगते का, झोपते का. तिने भरभरून सांगितलं. वर्षभर इकडे काय झालं, हे तिने एकदाही विचारलं नाही. आयतं उठून बसली, चार पायऱ्या उचलल्या, आणि ज्या हाताने त्या आणून ठेवल्या त्याच हाताला म्हणाली की तुझं काही काम नाही. आणि त्याहून वाईट विचार तिला भांडी घासताना आला, आणि तिने नळ बंद करून टाकला. समजा, सादिकाने ते मंत्र खरोखरच न कळता घेतले असते. समजा, तिला हिशेब जमतच नसता. मग ते बोलणं बरोबर ठरलं असतं का? कुणाच्या हातातून कागद ओढून घेऊन, त्याच्याच घरच्यांसमोर, हसून? तिच्या ऑफिसात एक जण असा होता. रजेवर जाण्याआधीच्या मीटिंगमध्ये त्याने तिचं काम असंच सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन रडली होती.

पुढच्या रविवारी सादिका आली नाही. ओव्हरटाइम लागलाय, असा निरोप होता. लागलाही असेल.  निलोफरने रीतीप्रमाणे विचारलं, साळुंकीचं काय करायचं? भाजलेली आहे, थकलेली आहे, उठवत नाही. घाटाखाली धर्मशाळा आहे, तिथे ठेवता येईल. किंवा बरोबर न्यायची तर वर धुकं आहे, गारठा आहे.

"बरोबर," सुमेधा म्हणाली.

"लांबून जखमा भरणारा तुझा मंत्र इथे चालणार नाही. भाजलेलं भरेल, पण हा शीण जायचा नाही."

"माहीत आहे. मला काजळ्याची एक पायरी मिळालीय ना? त्यात ऊब घेते."

अझहरने वर पाहिलं. वणव्याबद्दल त्यानेही ऐकलं होतं. वणवा आला की मागच्या सगळ्या पायऱ्यांचं चीज होणार होतं. त्यासाठीच तर तो सगळा घाट घातलेला. सुमेधाने वैद्यकाची तिसरी पायरी लिहिली, पुढे ऊब लिहिलं, आणि तिला अजिबात थोर वगैरे वाटलं नाही. उलट मधूचा लंगोट बदलताना असतं तसं, उशीर झालाय आणि आता तरी कर, एवढंच वाटलं.

त्या सकाळी तिची पाळी आली की ती म्हणायची, साळुंकीचा हात धरून बसलेय. पहिल्यांदा ती ते मनापासून म्हणाली. पाचव्या-सहाव्यांदा मात्र कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्याचीच तिला जास्त शरम वाटली. एका सकाळीत हे. सादिकाने वर्षभर कसं काढलं असेल? समोर भालदार एकटा मार खात होता, तिच्याकडे आग होती, घाई होती, कवच होतं, आणि त्यातलं काहीही वापरता येत नव्हतं. अझहर कुरकुरला, "घरी एक, इथे एक. ताईचा हात काही मोकळा सापडायचा नाही आता." आणि खालून टेपचं रीळ घेऊन आला. स्पार्क प्लग आणि नट त्यानेच एकत्र गुंडाळले, दर वेळी दोन दोन कोण सरकवणार म्हणून.

निघताना सुमेधाने दोघांना बजावलं की सादिकाला यातलं काही कळवू नका. तिला भीती होती की कळवलं तर ते पुन्हा स्वतःसाठीच मागितल्यासारखं होईल.

"मी कशाला कळवू," निलोफर म्हणाली. "तुलाही कुणी कळवलं नव्हतं."

असे काही रविवार गेले. दर वेळी सादिकाचं काही ना काही निघायचं. दर वेळी घरी आल्यावर केयूर विचारायचा, आज काय केलंस, आणि ती म्हणायची, काही नाही, बसले होते. भालदार रडतखडत घाट चढत होता. मध्ये आणखी एक मोहीम पार पडली आणि तिची पायरीही सुमेधाने उबेतच घातली, कारण धुकं वाढत होतं. तिचा तो कुणालाही न सुचलेला बिल्ड आता कुणी पाहिला असता तर हसलाच असता.

मग एका सकाळी लोखंडी जिन्यावर जड बुटांचा आवाज आला. सादिका थर्ड शिफ्ट करून थेट आली होती, कंपनीच्या सेफ्टी शूजसकट, डोळे सुजलेले. दारात उभी राहून तिने बोर्डाकडे पाहिलं. आपली जागा, आपला नट. काळी टेप. मग ती बूट काढू लागली.

"काय घेतलंस?" तिने विचारलं.

"ऊब."

"आणि वणवा?"

"नाही घेतला."

सादिकाने वाकून स्पार्क प्लग आणि नट एकत्रच उचलले, टेपचं टोक नखाने चाचपून पाहिलं. "वाया गेला तुझा बिल्ड," ती म्हणाली. त्यात चेष्टा होती का, ते सुमेधाला ओळखता आलं नाही.

"गेला," सुमेधा म्हणाली. मग इतके दिवस जे लिहून पुसलं होतं ते तिने बोलून टाकलं, कारण आता नाही तर ते कधीच होणार नव्हतं. "मला माहीत नव्हतं असं मी लिहिलं होतं तुला. ते राहू दे. तू ते मंत्र चुकून घेतले असतेस, तरी माझं ते बोलणं वाईटच होतं."

अझहर उगीचच फासे मोजू लागला. निलोफर आपल्या कागदात बघत राहिली.

"होतं," सादिका म्हणाली. "बसमध्ये रडत गेले मी. बाजूचा हेल्पर विचारत होता, मॅडम, घरी कुणी वारलं का." ती किंचित हसली आणि लगेच थांबली. "पदर पेटला होता गं साळुंकीचा. एकच घर राहिलं होतं."

"हो."

"मला तिथे पोचायचं होतं."

 ते घर आता परत मिळणार नव्हतं. चढलेल्या पायरीसारखंच, गेलेली पाळीही परत येत नाही. ती मान खाली घालून बसली. सादिका भिंतीशी ठेवलेल्या लोडाला टेकून खाली बसली, पाय लांब केले, ओढणी चेहऱ्यापर्यंत घेतली. सोंगट्या अजून तिच्याच हातात होत्या. निलोफरने विचारलं, साळुंकी उठते का मग? फासा टाकायचा?

सादिकाने सोंगट्या बोर्डावर परत ठेवल्या. टेप तशीच होती.

"आजचा दिवस राहू दे," ती म्हणाली. "रात्रभर उभी होते. मला झोपलेलीच ठेवा."

खाली अब्बांनी गॅरेजचं शटर उघडल्याचा आवाज आला. निलोफरने धुक्यातली पुढची वाट सांगायला सुरुवात केली, भालदाराने काहीतरी वेडं धाडस केलं, फासा वाईट पडला. मग पाळी फिरत सुमेधाकडे आली.

"साळुंकीचा हात धरून बसलेय," ती म्हणाली, पण अगदी हळू आवाजात, कारण लोडाला टेकलेल्या सादिकाचा खरंच डोळा लागला होता.